पत्रा मालकाचा, श्वास भाडेकरूचा

मुंबईच्या उपनगरांतल्या बैठ्या चाळी, पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्या, चाकण-भोसरीकडे भाड्याने देण्यासाठीच ओळीने बांधलेल्या खोल्या, कोकणात मूळ घराला मागून काढलेली पडवी. यांतल्या अनेकांच्या डोक्यावर राखाडी, पन्हाळीदार, जाडसर पत्रा असतो. गवंडी त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, जुनी माणसं एखाद्या कंपनीच्या नावाने ओळखतात. त्या सिमेंटमध्ये साधारण आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतं, हे खाली राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना कळतं त्यांना ते बहुधा एखाद्या बातमीतून कळतं, आणि मग झोप उडते. खोली आजच सोडायची का? लहान मूल आहे घरात, त्याचं काय? आणि खोली सोडून जायचं कुठे, कारण या भाड्यात मिळणाऱ्या पुढच्या खोलीवरही तोच पत्रा असतो.

या भीतीला उत्तर देता येतं, पण त्यासाठी धोका नेमका कुठे आहे हे आधी पाहायला हवं.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. त्याचा दगडच तंतूंचा बनलेला असतो आणि ते तंतू उभे चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, ओढले तर सहज तुटत नाहीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ, मजबूत पत्रे काढण्याची पद्धत शोधली आणि जगभरच्या गरिबांना स्वस्त छप्पर मिळालं. आपल्याकडे ब्रिटिश काळातच मुलुंडला असा कारखाना उभा राहिला. मुंबईच्या पावसाला टिकणारं, गंज न चढणारं आणि स्लॅबच्या मानाने फारच स्वस्त असं हे छप्पर लोकांनी आनंदाने स्वीकारलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि त्यांतले बरेचसे तिथेच राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुस घट्ट होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, जो ॲस्बेस्टॉसखेरीज फार क्वचित आढळतो. स्वरयंत्राचा आणि स्त्रियांमधला बीजाशयाचा कर्करोगही याच यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्या क्रायसोटाइलसकट ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना कर्करोगकारक ठरवते. धूळ आत जाणं आणि आजार दिसणं यांत वीस-तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षं जातात. म्हणून आपल्याकडे या आजाराचं मूळ शोधणं अवघड होतं: खोली बदललेली असते, कारखाना बंद पडलेला असतो, ज्याच्या हाताखाली काम केलं तो मुकादम हयात नसतो.

कारखान्यातल्या कामगारांबद्दलचा पुरावा शंभर वर्षांचा आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ 1924 मध्ये वारली. तिची फुप्फुसं डॉ. विल्यम कुक यांनी तपासली आणि वैद्यकीय नियतकालिकात मांडली. 1955 मध्ये रिचर्ड डॉल यांनी अशा कामगारांमधला फुप्फुसाचा कर्करोग आकड्यांनी दाखवला. मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातले कामगार तपासले आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस होता.

घरात राहणाऱ्यांचं काय? इथे दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप भागातल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींजवळचे मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण वॅगनर आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये नोंदवले, आणि त्यांतले कितीतरी जण खाणीत कधी उतरलेच नव्हते. लहानपणी त्या परिसरात राहिले होते, एवढाच त्यांचा संबंध. लंडनमध्ये 1965 साली म्युरियल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी दाखवलं की कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना आणि नवऱ्याचे, भावाचे कामाचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाला. पुढे इटलीतलं कासाले मोनफेरातो आणि जपानमधलं आमागासाकी या गावांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर दिसली. कासालेमध्ये तर कारखान्याचा भुगा लोकांनी अंगणात पसरला, माळ्यावर टाकला.

हे वाचून पत्र्याखाली झोपणाऱ्याने स्वतःला नॉर्दर्न केपच्या रहिवाशांच्या रांगेत बसवू नये. तिथे मोकळी धूळ होती. छपराच्या पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. अखंड, न हलवलेला पत्रा डोक्यावर असताना खालच्या हवेत फारच थोडे तंतू येतात. कितीही कमी धूळ पूर्ण निर्धोक आहे असं विज्ञान म्हणत नाही, पण धोका धुळीच्या प्रमाणात वाढतो हे नक्की म्हणतं. म्हणून ज्या घरात पत्रा शाबूत आहे त्या घरात रात्रीची झोप घालवण्याचं कारण नाही.

पत्रे बनवणारा उद्योग नेमकं हेच सांगत आला आहे, आणि तो तिथेच थांबतो. पत्रा कायम शाबूत राहत नाही, ही दुसरी निम्मी बाजू त्याच्या सांगण्यात येत नाही. चाळीस पावसाळे खाल्लेल्या पत्र्यावरचं सिमेंट झिजतं, तंतू वर येतात, शेवाळ धरतं, कडा भुसभुशीत होतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणूस त्याला हात लावतो: भोक पाडतो, कापतो, घासतो, तोडतो. पत्र्याखाली काढलेल्या वर्षभराच्या श्वासांत जेवढे तंतू येतात त्यापेक्षा किती तरी जास्त बंद खोलीत ग्राइंडरने कोरडा पत्रा कापताना काही मिनिटांत उडू शकतात. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा हाच आहे, आणि भाड्याच्या घरात तो जास्त टोचतो. पत्र्याला हात कधी लावायचा, कोणी लावायचा आणि कसा, हे मालक ठरवतो. त्याची धूळ भाडेकरूच्या अंथरुणावर पडते. आणि वर चढणारा मिस्त्री, जो रोज असे चार पत्रे कापतो, त्याला कोणीच काही सांगितलेलं नसतं.

आधी ओळख पटवू. चुंबक लावला की चिकटतो तो लोखंडी पत्रा, त्याचा इथे संबंध नाही. हिरवट-निळा, उजेड आत सोडणारा पत्रा फायबरचा किंवा प्लास्टिकचा. राखाडी, पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, टिचकी मारली की ठणठण न वाजणारा, तुटल्या कडेला कधीकधी बारीक केसांसारखे धागे दिसणारा, तो सिमेंटचा. अलीकडे ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि दिसायला ते तसेच असतात. खात्री फक्त प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली होते. पण भारतात क्रायसोटाइल घातलेले पत्रे आजही बनतात आणि विकले जातात, तेव्हा राखाडी सिमेंटचा पत्रा दिसला तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालावं. सावधगिरीला खर्च नाही, तपासणीला आहे. छपराखेरीज जुन्या इमारतीत ते पावसाच्या पाण्याच्या डाऊनटेक पाइपांत, खिडकीवरच्या छज्ज्यात, पोटमाळ्याच्या किंवा न्हाणीच्या सपाट पार्टिशनमध्ये, जुन्या पाण्याच्या टाकीत असू शकतं. टाकीतलं किंवा पाइपातलं पाणी पिऊन आजार होतो याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. या बाबतीत काळजी पोटाची नाही, फुप्फुसाची आहे.

वर्षातला सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे मे महिना. पावसाच्या आधी प्रत्येक वस्तीत छपरावर माणसं चढतात. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडतात, जुने जे-बोल्ट काढून नवी भोकं पाडतात, चिरलेल्या पत्र्याचा तुकडा कापून दुसरा बसवतात, वर डांबर आणि ताडपत्री घालतात. खाली स्वयंपाक चालू असतो. यांतली बरीच कामं टाळता येतात आणि उरलेली नीट करता येतात. शेवाळ खरवडू नये, प्रेशरच्या पाण्यानेही उडवू नये. त्याने सिमेंटचा वरचा थर निघतो आणि तंतू मोकळे होतात. भोक पाडायचंच असेल तर जागा आधी भिजवून, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून, हाताच्या गिरमिटाने सावकाश पाडावं, मध्ये पुन्हा पाणी मारावं. इलेक्ट्रिक कटर आणि ग्राइंडर या पत्र्याला लावूच नयेत. शक्य तिथे पत्रा कापण्याऐवजी पूर्ण मापाचा बसवावा. काम चालू असताना खालची माणसं, विशेषतः मुलं, दुसरीकडे पाठवावीत. अंथरूण-पांघरूण, धान्याचे डबे, कपडे झाकून किंवा बाहेर काढून ठेवावेत.

पंखा, दिवा, पाळण्याचा हूक पत्र्यात अडकवू नये, खालच्या लोखंडी अँगलला किंवा वाशाला अडकवावा. पत्र्याला आतून खिळे मारून थर्माकोल किंवा पीओपी लावणं हेही टाळावं. आच्छादन हवंच असेल तर ते अँगलवर स्वतंत्र चौकट करून बसवता येतं.

मिस्त्रीसाठी सगळ्यात जवळचा धोका मात्र तंतूंचा नाही, पडण्याचा आहे. हा पत्रा ठिसूळ असतो, वजन पडलं की क्षणात फुटतो, आणि छपरावरून खाली कोसळून माणसं मरतात. पाय थेट पत्र्यावर न ठेवता खाली आधार असलेल्या ओळीवर आडवी फळी टाकून चढायला हवं. ज्या भाडेकरूने आपली मुलं बाजूला काढली त्याने मिस्त्रीला एवढं सांगावं, त्याला नीट बसणारा एन-95 मास्क द्यावा. रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. परदेशात या कामाला त्याहूनही वरच्या दर्जाचे मास्क वापरतात.

रंगाबद्दल एक चांगली गोष्ट सांगण्यासारखी आहे. अहमदाबादसारख्या शहरांत उन्हाळ्याची काहिली कमी करण्यासाठी गरीब वस्त्यांच्या छपरांवर पांढरा परावर्तक रंग देण्याचे कार्यक्रम झाले आहेत, आणि तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. हाच रंग झिजत चाललेल्या सिमेंटच्या पत्र्याला वरून बांधूनही ठेवतो. अट एकच: रंग देण्याआधी पत्रा घासायचा नाही. हलक्या पाण्याने भिजवून धूळ उतरू द्यायची, वाळला की रंगाचा हात द्यायचा. खाली राहणाऱ्याला गारवा, मालकाला पत्र्याचं वाढलेलं आयुष्य. भाडेकरूने मालकाकडे मागावं असं हे सर्वांत स्वस्त आणि पटण्याजोगं काम आहे.

पत्रा फुटलाच तर केरसुणी हातात घेऊ नये. कोरडं झाडलं की धूळ पुन्हा हवेत चढते आणि तासन्‌तास खाली बसत नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या गाळणीतून तंतू पलीकडे जातात. खोलीतली माणसं बाहेर काढावी, पंखा बंद करावा, तुकड्यांवर पाणी शिंपडावं. तुकडे आणखी न मोडता जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरावे, जमीन आणि सामान ओल्या फडक्याने टिपून घ्यावं आणि ती फडकीही त्याच पिशवीत टाकावी. अंगावरचे कपडे झटकू नयेत, वेगळे भिजवावेत. अशा एखाद्या प्रसंगानंतर लगेच एक्स-रे काढून काही कळत नाही, त्यासाठी पैसे घालवू नयेत. ज्याने आयुष्यभर हे काम केलं आहे आणि ज्याला दम लागतो, त्याने मात्र डॉक्टरांना आपल्या कामाचा इतिहास सांगून तपासणी करून घ्यावी. आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडणं हा फुप्फुसासाठी सर्वांत मोठा बचाव आहे. इर्व्हिंग सेलिकॉफ यांनी 1968 मध्येच दाखवून दिलं होतं की तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक होतो.

फुटलेल्या तुकड्यांचं वस्तीत पुढे काय होतं, ते पाहून मला फार वाईट वाटतं. भंगारवाला ते घेत नाही, कारण त्यांना किंमत नाही. मग ते न्हाणीचा आडोसा होतात, गटारावरचं झाकण होतात, कोंबड्यांचं खुराडं होतात. बारके तुकडे मुलं ठिकरी म्हणून खेळायला घेतात. उरलेले नाल्यात किंवा भरावात जातात आणि गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात छपरं उडाली आणि फुटक्या पत्र्यांचे ढीग अंगणात पडले. लोकांनी ते उघड्या हातांनी उचलले. डोक्यावर छप्पर नसताना धुळीचा विचार कोण करणार? तो विचार मदतीच्या ताडपत्र्यांबरोबर प्रशासनाने पोचवायला हवा होता.

कायद्याकडे वळलं की भाडेकरूची जागा किती अडचणीची आहे ते दिसतं. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, आणि ॲस्बेस्टॉस उद्योगाने कामगारांच्या तपासणीच्या नोंदी चाळीस वर्षं जपाव्यात असा आदेश दिला. तो मोठा निकाल होता, पण तो कारखान्याच्या दारापाशी थांबतो. पूर्ण बंदीची मागणी याच न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळली. देशात नव्या ॲस्बेस्टॉस खाणींना परवानगी मिळत नाही, आयात मात्र मुख्यतः रशिया आणि कझाकस्तानकडून चालू आहे, आणि गेली कित्येक वर्षं भारत हा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. किती घरांवर हे छप्पर आहे याचा नेमका हिशेबही सरकारी कागदांत निघत नाही. 2011 च्या जनगणनेत जस्ती पत्रा, इतर धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉस हे एकाच रकान्यात घातले होते. त्या रकान्यात देशातली सुमारे 16 टक्के कुटुंबं होती.

भाडेकरूच्या हातात असलेलं हत्यार दुसरीकडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधल्या कलम 14 प्रमाणे घर राहण्यालायक स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. नोटीस अनेक भाडेकरूंना मिळून देता येते, आणि एकाच छपराखालच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांनी मिळून दिली तर मालकालाही एकदाच नीट काम करणं परवडतं. छप्पर बदलण्यासारखं मोठं काम मात्र मालकाच्या लेखी परवानगीशिवाय अंगावर घेऊ नये, कारण परवानगीविना केलेलं पक्कं बांधकाम हे याच कायद्यात घर खाली करायला लावण्याचं एक कारण आहे.

पण आज शहरात नव्याने खोली घेणारे बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, आणि कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू ठरत नाहीत. त्यांना कलम 14 चा आधार नाही. त्यांच्यासाठी करारनाम्यात जे लिहिलं आहे तेच खरं. म्हणून डिपॉझिट देण्याआधी दोन ओळी घालून घ्याव्यात: छपराच्या कामाची पूर्वसूचना मिळेल, आणि पत्रा कोरडा कापला जाणार नाही. खोलीचा ताबा घेताना फुटका पत्रा असेल तर त्याचा फोटो तारखेसह मालकाला पाठवून ठेवावा. आणि जिथे कागदच नाही, नुसत्या शब्दावर खोली दिली आहे, तिथे शब्दच वापरावा. "काका, पावसाआधी पत्र्याचं काम काढणार असाल तर दोन दिवस आधी सांगा, आम्ही पोरांना घेऊन बहिणीकडे जातो. आणि मिस्त्रीला तेवढं पाणी मारून काम करायला सांगा, हा पत्रा छातीला वाईट असतो. तुम्हीही वर जाऊ नका." भांडण न करता, त्याच्याही काळजीने सांगितलेलं हे मालक सहसा ऐकतात. कित्येक मालक शेजारच्याच खोलीत, त्याच पत्र्याखाली राहत असतात.

सिडनी, मेलबर्न, लंडनला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. ब्रिटनने 1999 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीला ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, पण त्याआधी बांधलेली घरं उभी आहेत आणि भाड्याने मिळतात. तिथे ॲस्बेस्टॉस छपरात कमी आणि भिंतींच्या पत्र्यांत, जमिनीच्या टाइल्समध्ये, छतावरच्या खरबरीत रंगात जास्त असतं. इंग्लंडमध्ये भाड्याच्या इमारतीतल्या जिन्यांसारख्या सामाईक जागांमधलं ॲस्बेस्टॉस शोधून सांभाळणं हे तिथल्या जबाबदार माणसावर कायद्याने बंधनकारक आहे. घराच्या आतलं खराब झालेलं ॲस्बेस्टॉस हा स्थानिक कौन्सिलने दखल घ्यावी असा धोका मानला जातो. तस्बीर टांगायला भिंतीत ड्रिल लावण्याआधी एजंटला ई-मेलने विचारावं, आणि उत्तर जपून ठेवावं.

आपल्याकडे सगळे पत्रे एका दिवसात उतरवा असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. घाईत, कोरडे, फोडून उतरवलेले लाखो पत्रे जितकी धूळ करतील तितकी ते जागेवर राहून करणार नाहीत. दक्षिण कोरियापुढे हाच पेच होता. तिथल्या खेड्यांत 1970 च्या दशकातल्या ग्रामसुधार मोहिमेत गवताची छपरं काढून अशीच ॲस्बेस्टॉस-सिमेंटची छपरं घातली गेली होती. 2009 मध्ये त्यांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आणि जुनी छपरं प्रशिक्षित माणसांकडून उतरवण्यासाठी सरकार घरमालकांना पैसे देऊ लागलं. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, पण ती कारखान्यांसाठी चालतात आणि चाळीतल्या चार फुटक्या पत्र्यांना तिथवर जायला वाट नाही. मे महिन्यात प्रत्येक वॉर्डात ओल्या, पिशवीबंद पत्र्यांसाठी एक ठरलेली जागा, तिथून या केंद्रांपर्यंत जाणारी पालिकेची गाडी, आणि छपरावर चढणाऱ्या मिस्त्रींसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण: एवढं कुठलीही महापालिका येत्या अर्थसंकल्पात बसवू शकते.